मूरिंगवरून मरीनाच्या धक्क्याला: शिडाची बोट हलवताना

मूरिंगवर, म्हणजे पाण्याच्या तळाशी पक्क्या केलेल्या वजनाला जोडलेल्या बोयावर (तरंगत्या खुणेवर), बांधलेली शिडाची बोट वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे तोंड करून स्वतःच उभी राहते. वारा फिरला की ती फिरते, भरती संपून ओहोटी लागली की पुन्हा फिरते, आणि भोवती मोकळे पाणी असल्यामुळे तिच्या फिरण्याला कशाचीच आडकाठी नसते. धक्क्याला लावलेल्या बोटीला ही मुभा राहत नाही. आपण ठरवू तिकडेच तिचे तोंड राहते, वारा कुठूनही आला तरी तो तिला अंगावर घ्यावा लागतो, आणि हातभर अंतरावर लाकूड, काँक्रीट किंवा दुसऱ्याची बोट असते. बोट मूरिंगवरून धक्क्याला नेण्याच्या कामात जी काळजी घ्यावी लागते, ती सगळी या एका फरकातून निघते. मधला प्रवास बहुधा सोपा असतो. कस लागतो तो शेवटच्या पन्नास मीटरमध्ये, आणि ते पन्नास मीटर कसे पार पडणार हे बहुतांशी मूरिंग सोडण्याआधीच ठरलेले असते.

पुण्यात राहून शीड हाताळायला शिकणाऱ्यांचा पाया धरणाच्या पाण्यावर तयार होतो. खडकवासल्यासारख्या जलाशयावर डोंगरांच्या खिंडीतून येणारे अवचित झोत सांभाळताना वाऱ्याची जाण उत्तम येते. मात्र त्या पाण्याला भरती-ओहोटी नसते आणि जाणवेल असा प्रवाहही नसतो. पुढे हीच मंडळी दोघे-चौघे मिळून मुंबईत पंचवीस-तीस फुटी बोट घेतात, किंवा परदेशी सुट्टीत बोट भाड्याने घेतात, तेव्हा पाणी स्वतः चालते ही गोष्ट त्यांना नव्याने शिकावी लागते. मुंबईत गेटवेसमोर शिडाच्या बोटी मूरिंगवरच असतात. सर्व सोयींचा मरीना, म्हणजे शिडाच्या व मोटारबोटी धक्क्याला लावून ठेवण्याचे बंदर, आपल्या देशात मोजक्याच ठिकाणी आहे. कोचीतील बोलगट्टी बेटावरचा मरीना हे त्याचे एक उदाहरण. त्यामुळे पुणेकर खलाशाची धक्क्याशी पहिली गाठ बहुतेक वेळा अनोळखी जागी पडते. पुढील विवेचनात बोट पंचवीस ते तीस फुटांची, एका इंजिनाची आणि कील (तळाखालचे जड पाते) असलेली आहे, आणि बोटीवर तीन माणसे आहेत, असे गृहीत धरले आहे.

आधी विचारून घ्यायच्या गोष्टी

मरीनाच्या कार्यालयाला फोन करून केवळ जागा आरक्षित करणे पुरेसे नाही. बोट धक्क्याला डाव्या बाजूने लागणार की उजव्या, धक्का तरंगता आहे की पक्का, दोन बोटींमधल्या, हाताच्या बोटासारख्या अरुंद फळीची लांबी किती, तिच्यावरील क्लीट (दोर बांधायच्या दोन शिंगांच्या खुंट्या) कुठे आहेत आणि सर्वांत खालच्या ओहोटीला तिथे किती पाणी उरते, हे नेमके विचारून कागदावर चित्र काढून घ्यावे. तुमच्या कीलला दीड मीटर पाणी लागत असेल, तर ओहोटीला किमान दोन मीटर उरतील अशीच जागा मागावी, कारण गाळाने भरत जाणाऱ्या बंदरात नकाशावरील आकडा मागे पडलेला असू शकतो. मरीना बोलण्यासाठी व्हीएचएफ या बोटीवरील रेडिओचे कोणते चॅनल वापरतो, नोंदणीची व विम्याची कोणती कागदपत्रे मागतो, हेही त्याच फोनवर विचारावे.

मी आणखी एक विनंती नेहमी सुचवतो. पहिल्या दिवसापुरती आतल्या चिंचोळ्या जागेऐवजी बाहेरच्या लांब धक्क्यावर जागा मिळेल का, हे विचारावे. बहुतेक ठिकाणी ती मिळते. तिथे बोट लावून, चालत जाऊन आपली कायमची जागा डोळ्यांखालून घालावी आणि दुसऱ्या दिवशी वारा पडलेला असताना बोट आत न्यावी. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

वेळ निवडणे

या सगळ्या कामात एकच गोष्ट पूर्णपणे आपल्या हातात असते, आणि ती म्हणजे वेळ. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे दहा नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वारा वीस नॉट झाला की बोटीच्या अंगावरचा दाब चौपट होतो. दहा नॉटमध्ये माणूस दोर धरून बोट थोपवू शकतो, वीस नॉटमध्ये तसे करायला जाणारा माणूस धक्क्यावरून पाण्यात ओढला जातो.

ऑक्टोबर ते मे या हंगामात मुंबईच्या किनाऱ्यावर पहाटे मतलई वारे असतात आणि ते हलके असतात. उन्हाने जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारे वारे सुरू होतात आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत चांगला जोर धरतात. त्यामुळे बोट सकाळीच धक्क्याला लागलेली असावी. याचाच दुसरा अर्थ असा, की पुण्याहून आदल्या संध्याकाळीच निघावे. पहाटे तीनला उठून घाट उतरलेला आणि तसाच डिंगीत (मूरिंगपर्यंत नेणाऱ्या छोट्या होडीत) बसलेला माणूस अकरा वाजता थकलेला असतो, आणि धक्क्याला लागताना नेमके त्याच वेळी त्याचे डोके शांत असण्याची गरज असते.

वाऱ्यानंतर पाणी. मुंबईत दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात आणि त्यांच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते आणि भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या घरात जातो. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांग असतो आणि फरक बराच कमी होतो. पाणी सहा तास सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग चढतो. चार मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत पाणी तासाला जवळजवळ एक मीटर चढते, आणि ते सगळे पाणी मरीनाच्या तोंडासमोरून वाहत जाते. त्या वेळी तिथे शिरू नये. पाणी थांबल्यासारखे असते ते भरतीच्या किंवा ओहोटीच्या टोकाला, आणि आपल्याला तीच वेळ हवी असते.

आपल्याकडच्या कोळीवाड्यांत पूर्ण भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याचा पाऊणपट करावा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता आणि एकादशीला सव्वाआठच्या सुमारास पूर्ण भरती. हा अंदाज मुंबईच्या किनाऱ्यासाठी बऱ्यापैकी जुळतो आणि घरी कॅलेंडर पाहून दिवस निवडायला फार उपयोगी पडतो. दशमी, एकादशी आणि द्वादशी या तिन्ही दिवशी पूर्ण भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, पाण्याचा फरकही मोठा नसतो आणि खारे वारे सुटायला अवकाश असतो. मूरिंग आणि धक्का दोन्ही याच बंदरात असतील, तर कामासाठी याहून चांगले दिवस महिन्यात सापडणे कठीण. दिवस ठरल्यावर मात्र नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरतीच्या कोष्टकातूनच घ्यावी. ठिकाण दुसरे असेल तर तिथलेच कोष्टक पाहावे, कारण पाऊणपटीची ही रीत कोचीला लागू होत नाही.

मूरिंगवर असतानाची तयारी

महिनोन्महिने मूरिंगवर उभ्या असलेल्या बोटीच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) आणि तळावर शिंपल्यांचा थर बसतो. अशा पंख्याने बोट पुढे कशीबशी जाते, पण मागच्या गिअरमध्ये थांबत नाही, आणि धक्क्यासमोर ब्रेक म्हणून आपल्याकडे मागचा गिअरच असतो. म्हणून आधीच्या आठवड्यात पाणबुड्याकडून पंखा साफ करून घ्यावा. इंजिन सुरू करून एग्झॉस्टमधून थंडाव्याचे पाणी बाहेर पडते आहे का ते पाहावे, ते दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे, आणि मूरिंगचा दोर तसाच बांधलेला ठेवून मागच्या गिअरमध्ये बोट दोरावर ओढून पाहावी. दोर ताठ झाला आणि इंजिन गुदमरले नाही, तर गिअरवर विश्वास ठेवता येईल. टाकीत डिझेल अर्ध्याहून कमी असेल तर भरून घ्यावे आणि फिल्टर तपासावा. तळाशी साचलेला गाळ लाटांनी ढवळून फिल्टर तुंबण्याची वेळ नेमकी बंदराच्या तोंडाशी येते.

इंजिन बंद पडलेच तर शीड हाताशी असावे. मोठ्या शिडाचे आवरण काढून ते चढवण्याचा दोर जोडून ठेवावा, आणि नांगरही लगेच सोडता येईल असा मोकळा ठेवावा.

आता दोर. धक्क्याला सहा दोर लागतात: पुढे दोन, मागे दोन आणि दोन स्प्रिंग, म्हणजे बोटीला पुढे-मागे सरकू न देणारे तिरके दोर. पुढचे-मागचे दोर बोटीच्या लांबीच्या दोन-तृतीयांश आणि स्प्रिंग बोटीइतके लांब असावेत. तीस फुटांपर्यंतच्या बोटीला बारा मिलिमीटरचा नायलॉन दोर चांगला, कारण नायलॉन ताणला जातो आणि धक्के पचवतो. शिडाचा न ताणणारा दोर इथे वापरला तर तो क्लीटच उपटायला बघतो. प्रत्येक दोर क्लीटला बांधून कठड्याच्या तारांच्या खालून बाहेर काढावा आणि वरून पुन्हा आत आणून ठेवावा. हे विसरले जाते, आणि मग ऐनवेळी दोर ताणला की कठड्याची तार वाकते.

दोन्ही बाजूंना तीन-तीन फेंडर (धक्का झेलणाऱ्या फुगीर गाद्या) आणि हातात धरायला एक मोकळा फेंडर ठेवावा. तरंगता धक्का पाण्यापासून फार उंच नसतो, म्हणून फेंडर पाण्याला जवळजवळ टेकतील इतके खाली असावेत.

मधला दोर

या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती मधल्या दोराची. बोटीच्या मध्यावर, डोलकाठीच्या थोडे मागे असलेल्या क्लीटला बांधलेला दोर धक्क्यावर सर्वांत आधी जावा. मधे क्लीट नसेल तर पुढच्या शिडाच्या ट्रॅकवर पक्की बसणारी कडी वापरता येते.

हे असे का, ते समजून घेतले पाहिजे. बोट सुमारे मध्यावर, कीलभोवती फिरते. धक्क्यावरील मदतनीसाला पुढचा दोर दिला, की तो सद्भावनेने तो जोरात ओढतो. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, धक्क्यावर आपटते आणि मागची बाजू शेजारच्या बोटीकडे फेकली जाते. मागचा दोर आधी ओढला तर उलटे होते. मधल्या दोराने मात्र बोट फिरत नाही, ती नुसती जवळ येते.

हा दोर धक्क्यावर बोटीच्या मागच्या भागाजवळील क्लीटला अडकवावा. मग इंजिन पुढच्या गिअरमध्ये अगदी मंद ठेवावे. बोट पुढे जाऊ पाहते, दोर ताठ होतो आणि तिला धक्क्याकडे खेचतो. या क्षणी टिलर (सुकाणूचा दांडा) धक्क्याच्या दिशेला ढकलावा, म्हणजे सुकाणू नाळेला धक्क्यापासून दूर वळवते आणि मागची बाजू आत आणते. चाक असेल तर ते धक्क्याच्या उलट दिशेला फिरवावे. टिलर थोडा कमी-जास्त केला की बोट धक्क्याला समांतर चिकटून राहते, आणि बाकीचे दोर कोणतीही घाई न करता बांधता येतात. एका दोराने आणि मंद इंजिनाने तीन-चार टनांची बोट जागच्या जागी धरून ठेवता येते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पटत नाही. दोराची लांबी मूरिंगवरच मोजून खूण करून ठेवली, तर धक्क्यावर अंदाज बांधावा लागत नाही.

मूरिंग सोडणे आणि मोकळ्या पाण्यात सराव

मूरिंग सोडण्यापूर्वी बोट वाऱ्यामुळे उभी आहे की प्रवाहामुळे, हे पाहावे. इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवावे, पुढच्या माणसाने दोर पाण्यात सोडावा आणि बोटीला मागे वाहू द्यावे. दोर आणि बोया दोन्ही नाळेच्या पुढे स्पष्ट दिसल्याशिवाय आणि पुढच्या माणसाने हात वर करून खूण केल्याशिवाय गिअर टाकू नये. पंख्यात दोर गुंडाळला गेला तर त्या दिवसाचे काम तिथेच संपते. वारा आणि प्रवाह एकमेकांविरुद्ध असतील तर बोट बोयावर चढू पाहते. अशा वेळी पाणी थांबण्याची वाट पाहणे सर्वांत चांगले. डिंगी न्यायची असेल तर तिचा दोर आखूड करून घ्यावा. मूरिंग किती दिवस मोकळे राहणार हे क्लबला किंवा व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला सांगून ठेवावे.

बाहेर आल्यावर लगेच मरीनाकडे न जाता अर्धा तास सराव करावा. पाण्यात एक फेंडर टाकावा आणि तो धक्का आहे असे समजून त्याच्या शेजारी बोट थांबवावी. दोन नॉटवर न्यूट्रल केल्यावर बोट स्वतःच्या किती लांब्या पुढे जाते, सुकाणू कितपत कमी वेगापर्यंत ऐकते आणि थांबल्यावर वारा नाळेला किती झपाट्याने ढकलतो, हे तिघांनीही पाहावे. मग मागचा गिअर टाकून मागची बाजू कुठे सरकते ते पाहावे. मागून पाहताना घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा उलटा फिरू लागला, की मागची बाजू डावीकडे ओढतो. अशा बोटीची डावी बाजू धक्क्याला लावली तर ब्रेक लावताना तीच आपोआप आत येते. उजवी लावायची असेल तर मागचा गिअर थोडाच आणि तुटक तुटक वापरावा लागतो.

बंदरातून जाताना मांडवा आणि घारापुरीच्या लाँचच्या वाटेत येऊ नये, जहाजांच्या मार्गाला शक्य तितक्या काटकोनात ओलांडावे, आणि नौदलाच्या प्रतिबंधित क्षेत्रापासून दूर राहावे. जाळ्यांच्या बोयांसाठी एकाने सतत पुढे उभे राहावे.

शेवटचे पन्नास मीटर

मरीनाच्या बाहेरच फेंडर आणि दोर पुन्हा तपासावेत आणि रेडिओवर आपण आल्याचे कळवावे. शक्य असेल तर एकदा आत फेरी मारून न थांबता बाहेर यावे. या फेरीत इतर बोटींच्या डोलकाठीवरील वाऱ्याच्या खुणा पाहाव्यात आणि खांबांकडे नीट पाहावे: खांबाच्या ज्या बाजूला पाण्याची शेपटी दिसते, तिकडे प्रवाह जात असतो. मग वारा आणि प्रवाह यांपैकी जो जोरदार असेल त्याच्याकडे तोंड करून येण्याची योजना करावी, कारण समोरून येणारा जोर बोट थांबवतो आणि मागून येणारा तिला पुढे ढकलतो.

वारा धक्क्याकडे ढकलत असेल तर धक्क्यापासून मीटरभर अंतरावर समांतर थांबावे आणि उरलेले काम वाऱ्यावर सोडावे. वारा धक्क्यापासून दूर ढकलत असेल तर थोडा जास्त कोन आणि थोडा जास्त वेग ठेवून यावे, आणि मधला दोर पहिल्याच क्षणी क्लीटवर पडेल अशी तयारी असावी. वारा पाठीमागून असेल आणि त्यात जोर असेल, तर माझे स्पष्ट मत असे आहे, की दुसरी जागा मागावी किंवा बाहेर थांबावे. अशा वेळी बोट लावता येणे हे कौशल्य आहे, पण पहिल्या खेपेला ते पणाला लावण्याची काही गरज नाही.

परत फिरण्याची जागा आधीच ठरवावी. एखादा खांब किंवा बोट निवडून, तिथपर्यंत सगळे मनासारखे नसेल तर वळून बाहेर जायचे, असे तिघांनीही मोठ्याने बोलून ठेवावे. त्या क्षणी चर्चा करायला वेळ नसतो.

उडी कोणीही मारू नये. मधला दोर हातात घेतलेल्या माणसाने डोलकाठीच्या बाजूच्या तारेपाशी उभे राहावे आणि बोट धक्क्याला लागली म्हणजेच पाऊल टाकावे. न लागली तर सुकाणूवरच्या माणसाने पुन्हा फेरी मारावी. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात किंवा पाय कधीही घालू नये, तिथे फक्त फेंडर जातो. धक्क्यावर मदतनीस असेल तर त्याला एकच वाक्य, बोट जवळ येण्याआधी सांगावे: "दादा, हा दोर मागच्या त्या क्लीटला नुसता अडकवा, ओढू नका."

क्लीटला दोर अडकवण्याचीही रीत आहे. दोर आधी लांबच्या शिंगाखालून घ्यावा, दोन्ही शिंगांच्या तळाला एक पूर्ण वेढा द्यावा आणि तिथे हाताने धरून थोडा सरकू द्यावा, म्हणजे बोट हिसका न बसता थांबते. ती थांबल्यावरच इंग्रजी आठच्या आकड्यासारखा एक आडवा वेढा घेऊन शेवटचा वेढा उलटा करून अडकवावा. चालत्या बोटीचा दोर एकदम पक्का करू नये.

मधल्या दोरावर बोट स्थिर झाली की वाऱ्याच्या बाजूचा दोर आधी बांधावा. वारा पुढून असेल तर पुढचा, मागून असेल तर मागचा. त्यानंतर उरलेले दोर आणि दोन्ही स्प्रिंग. सगळे बांधून झाल्यावरच इंजिन बंद करावे.

बोट लागल्यानंतर

तरंगता धक्का पाण्याबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे दोर एकदा बेताने बांधले की पुरते. पक्क्या धक्क्याची गोष्ट वेगळी आहे. चार मीटरच्या उधाणात आखूड बांधलेले दोर ओहोटीला बोट टांगून ठेवू शकतात, म्हणून तिथे दोर शक्य तितके लांब घेऊन दूरच्या क्लीटला बांधावे लागतात आणि पहिली पूर्ण ओहोटी बोटीजवळ थांबून पाहावी लागते. पक्क्या धक्क्यावर बोट सोडून त्याच संध्याकाळी पुण्याला परतू नये.

मूरिंगवर एकच दोर झिजत असतो. धक्क्यावर सहा दोर रात्रंदिवस थोडे थोडे घासत राहतात. दोर बोटीच्या कडेवरून वाकतो तिथे जुन्या होजपाइपचा किंवा चामड्याचा तुकडा चढवावा. शीड चढवण्याचे दोर डोलकाठीपासून दूर ओढून बांधावेत, नाहीतर वाऱ्यात ते रात्रभर खडखडतात आणि शेजारच्या बोटीवर झोपलेल्यांना त्रास होतो.

धक्क्यावरची वीज ही मोठी सोय आहे, पण तिच्यासोबत एक नवा प्रश्न येतो. वीज जोडली की तिच्या अर्थिंगच्या तारेतून आपल्या बोटीचे धातूचे भाग शेजारच्या बोटींच्या धातूशी जोडले जातात, आणि पंख्याजवळचे जस्ताचे अॅनोड (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजणारे तुकडे) मूरिंगवरच्यापेक्षा फार लवकर झिजू शकतात. वायरिंगमध्ये ही झीज घडवणारा प्रवाह अडवणारा गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवून घ्यावा आणि पहिल्या काही महिन्यांत अॅनोड दर महिन्याला तपासावेत. गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर चालू आहे ना, तेही पाहावे. वीजजोडणी असलेल्या मरीनाच्या पाण्यात कोणीही पोहू नये. गोड्या पाण्यात विजेचा हा धोका आणखी वाढतो.

पहिल्या चोवीस तासांत एका भरतीला आणि एका ओहोटीला जाऊन सगळे दोर हाताने चाचपावेत, फेंडर सरकले असतील तर ते पुन्हा जागेवर आणावेत. त्यानंतरची तपासणी पहिल्या जोरदार वाऱ्यानंतर आणि पहिल्या उधाणाला करावी. स्वतः जाणे शक्य नसेल तर मरीनातील माणसाला दोरांचे फोटो काढून पाठवायला सांगावे. ते नीट बांधलेले असतानाचे फोटो निघण्यापूर्वीच काढून ठेवले असतील, तर पुण्यात बसून तुलना करता येते.